तांड्याचे मिस कॉल

त्या वर्षी अतियाचा सगळा जीव फोनात अडकलेला असायचा. फोनला सायरनचा आवाज तिनेच लावून ठेवला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. भाजी चिरताना, नमाजच्या चटईवरून उठताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना तिचा एक कान फोनकडे असायचा. सायरन वाजला म्हणजे कुठल्यातरी पऱ्हाटीत, कपाशीच्या पिकात, फवारणी करणारा माणूस पडला, असा त्याचा अर्थ. तो अजून एकदाही वाजला नव्हता. अंधार पडला की ती म्हणायची, चला, आजचा दिवस सुखाचा गेला, आणि मग तिला घास गिळवायचा.

दोन हजार सतराचं ते साल. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी कधी नव्हे ती माणसाच्या डोक्यावर गेली होती. वाढली म्हणून आनंद मानावा, तर अळीने बोंडं पोखरायला घेतली. मग फवारणी. एक औषध पुरेना म्हणून त्यात दुसरं, दुसरं पुरेना म्हणून तिसरं. पाठीवर पेट्रोलचा पंप आणि तोंडाला फार तर रुमाल. पीक उंच, नळी वर करून मारायचं, त्यामुळे औषध अळीवर कमी आणि मारणाऱ्याच्या तोंडावर जास्त. कुणाला दिसेनासं झालं, कुणी तोंडाला फेस येऊन धुऱ्या-बांधावर आडवं झालं, कुणी यवतमाळच्या दवाखान्यातून परत आलंच नाही.

अतियाचे वडील जफर मिस्तरी दिग्रसला बसस्टँडमागे फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. अतिया त्यांची धाकटी. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, लग्नाचं नाव काढलं की अंगावर धावून येणारी. लहानपणापासून तिने दुकानात येणारे पंप पाहिले होते. त्या पावसाळ्यात ती पंप आणणारी माणसंही पाहायला लागली. एकाने पंप दुरुस्तीला टाकला आणि न्यायला त्याची बायको आली. पंपाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या मिस्तरी. आता आमच्या इथं कोन मारते फवारा?" त्या दिवशी मिस्तरी जेवले नाहीत, आणि अतियाने ठरवलं की आपण काहीतरी करायचंच.

तिने धंदा काढला. दान नाही, चंदा नाही, धंदा. जाड कापडाचा प्लास्टिक लावलेला झगा, तोंडाचा मास्क, चष्मा आणि हातमोजे, असा फवारणीचा पोशाख दिवसाच्या भाड्याने द्यायचा. दानाचा पोशाख माणूस पेटीत ठेवतो, भाड्याचा अंगात घालतो, हे तिचं गणित, आणि ते खोटं नव्हतं. शिवायला तिला बबिता सापडली. दारव्हा रस्त्यावरून आत गेलं की खेमसिंगचा तांडा लागतो. खेमसिंग नायक कधीच गेला, नाव तेवढं राहिलं. तिथली ही बबिता, बंजाऱ्याची सून, हातात कला आणि तोंडात सुई. झग्याला आतून मोबाइलची पिशवी लावायची कल्पना तिचीच. "वरून लावली तं औषध जाईन ना व ताई फोनात," ती म्हणाली होती, आणि अतियाला ते एकदम पटलं होतं.

बाकीचं सगळं अतियाने इंटरनेटवरून उभं केलं. समाजाचं भलं आणि आपलं पोट दोन्ही साधू पाहणाऱ्यांसाठी फुकटची साधनं, असं एक पान तिला सापडलं होतं. इंग्रजीतलं, लांबलचक. एका साधनाने तिने सकाळी पोशाख कोणी नेला आणि कोणत्या वावरात गेला हे भरायची सोय केली. दुसऱ्याने ती वावरं नकाशावर टिंबांसारखी दिसायला लागली. तिसऱ्याने भिंतीवर लावायची चित्रं झाली: झगा काढा, साबणाने अंग धुवा, मगच भाकरीला हात लावा. धर्माची गाय आणि दात का नाही, असं विचारायचं नसतं. चालतंय तोवर चालवायचं. त्या पानाच्या अगदी तळाला एक ओळ होती, की ज्यांच्यासाठी हे करता त्यांच्यात बसून आधी त्यांची रीत समजून घ्या. असल्या ओळी सगळीकडेच असतात म्हणून अतियाने ती वाचली आणि सोडून दिली.

सगळ्यात तिचं लाडकं साधन होतं मिस कॉलचं. एक नंबर मिळायचा. त्यावर कुणी फोन लावला की एक घंटी होऊन तो आपोआप कटायचा, पैसा लागायचा नाही, आणि अतियाच्या फोनवर सायरनसकट त्या माणसाचं नाव लाल होऊन यायचं. एकाच गावातून पाठोपाठ तीन कॉल आले, तर ॲम्ब्युलन्सवाल्यांना आणि तिच्या भावाला आपोआप संदेश जायचा. भाऊ अय्याज काळी-पिवळी जीप चालवायचा. उंच पऱ्हाटीत एकटा माणूस पडला तर कुणाला दिसणार? या विचाराने तिची झोप उडाली होती. त्यावर तिने शोधलेला हा उतारा होता.

आसपासच्या दोन-तीन गावांत नंबर देऊन झाला होता. आता तांड्याची पाळी आली. तांड्यातली म्हातारी माणसं आपसात गोरबोलीच बोलतात, म्हणून बबिताच्या सासूने, सुखीबाईने, अतियाचं बोलणं सगळ्यांना समजावून सांगायचं ठरलं. सुखीबाईचा आवाज असा, की तिला फोनची गरज काय हा प्रश्न पडावा.

"फवारनी करताना काही वाटलं, तर या नंबरवर मिस कॉल द्या," अतिया म्हणाली. "मी तिकडे बसलेली आहे. मी पाहीन."

सुखीबाईने ते आपल्या भाषेत सांगितलं, बरंच लांबवून सांगितलं, हातवारे करून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बबिताचा नवरा प्रेम पुढेच बसला होता, लाजरा, पोरासारखा चेहरा. त्याने नंबर फोनात भरून घेतला आणि म्हणाला, "हे भल्ली चांगली गोष्ट केली ताई तुमी." अतिया खूश होऊन घरी आली.

दुसऱ्याच दिवशी तांड्यातली झाडून सगळी माणसं फवारणीला गेली.

सूर्य मावळतीला लागला होता. अतिया दुकानाच्या माळ्यावर बसून पोशाखांची धुलाई कुणाला द्यायची याचा विचार करत होती, आणि सायरन वाजला. ती इतकी दचकली की फोन हातातून पडला. उचलला तर लाल ओळ: नेमसिंग, खेमसिंगचा तांडा. तिने नेमसिंगला फोन लावला. घंटी जात राहिली. कुणी उचललं नाही.

तेवढ्यात दुसरा सायरन. मग तिसरा. मग तर फोन थांबेचना. एकामागून एक नावं लाल होऊन वर चढत होती आणि सगळ्यांच्या नावापुढे एकच तांडा. काल समोर बसून माना डोलावणारे ते सगळे चेहरे अतियाला आठवले. एकाच पाण्यातून औषध कालवलं असेल, एकाच डब्यातलं विष सगळ्यांच्या अंगावर गेलं असेल. सगळा तांडा पडला.

"अब्बा!" ती ओरडली. आवाज असा निघाला की खाली मिस्तरींच्या हातातलं पाकीट सांडून पंपाचे वायसर दुकानभर झाले.

मिस्तरी जिना चढून आले. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता कमी येत होतं, पण लाल रंग कळत होता.

"कोई उठा रहा क्या?"

"कोई नहीं उठा रहा, अब्बा. एक भी नहीं." तिने बबिताला लावला, फोन बंद. पुन्हा नेमसिंगला लावला. घंटी जाते आणि जातच राहते. त्या घंटीच्या पलीकडे काय असेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आपोआप उभं राहत होतं आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. पोशाख आपण दिले. आपल्या पोशाखाच्या भरवशावर माणसं नेहमीपेक्षा जास्त वेळ राबली असतील. आपणच मारलं यांना, असं तिच्या मनाने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. ती रडायला लागली.

"रोना बाद में, बेटा," मिस्तरी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "पहले गाडी निकलने दे."

अय्याजला संदेश पोचला होताच. जीप दुकानापुढे येऊन उभी राहिली, आत बसलेली दोन गिऱ्हाइकं त्याने हात जोडून उतरवली. मिस्तरींनी पाण्याच्या दोन कॅन मागे टाकल्या, साबणाच्या वड्या खिशात भरल्या. ॲम्ब्युलन्सवाल्याचा फोन आला: निघालोय, किती पेशंट? अतियाला आकडा सांगवेना. "लय आहेत," ती म्हणाली. "लय आहेत, भाऊ. लवकर या."

जीप तांड्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी उभी होती, हिरवीगार, जीपच्या छताएवढी. एरवी ती पाहून डोळे निवावेत. अतियाला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

तांडा आला. जीप थांबायच्या आत अतियाने उडी मारली आणि धावत पहिल्या अंगणात शिरली.

चूल पेटलेली होती. एक बाई भाकरी थापत होती. शेळ्या बांधल्या होत्या, पोरं टायर पळवत होती, आणि घराच्या बाजूला दगडावर बसून नेमसिंग साबणाने डोकं घासत होता. अतियाला पाहून तो फेसासकट उभा राहिला.

"काय झालं व ताई? कोनी गेलं काय?"

अतिया तिथेच मटकन खाली बसली. तिला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदम झालं. भोवती माणसं गोळा झाली, सगळी धडधाकट, निम्मी ओली. तिने विचारलं, फोन का उचलला नाही? तर नेमसिंग म्हणाला, "तुमीच तं सांगतलं ना, पहिले आंग धुवा, मंग दुसऱ्या कामाले हात लावा? फोन तिकडं वळनीवरच्या झग्यात हाये." बबिताचा फोन दुपारपासून तांड्यात लाइट नाही म्हणून मेलेला होता.

"मग मिस कॉल काहून दिले सगळ्यांनी?" अतियाचा आवाज चिरकला.

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. कसला हा प्रश्न!

सुखीबाई पुढे आली. "काहून म्हंजे? घरी पोचले म्हनून देल्ले. मिस कॉल कायले देते मानूस? सुखरूप हावो म्हनून देते. हा प्रेम रोज वावरातून निंगाला का मले एक घंटी देते, मंग बबिता तवा ठेवते चुलीवर. आमचे बुढे लोकं बैलं घेऊन लदेणीले जात, मीठ घेऊन, धान्य घेऊन, तवा फोन होते काय? मुक्कामाले पोचला का एकेक जन आरोळी दे. एक मानूस शेवटपर्यंत ते आयकत बसे, त्याले शेवटचा मानूस म्हनत. ज्याची आरोळी आली थो पोचला. ज्याची नाई आली त्याले पाहाले जा." ती अतियाच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्या सगळ्याईले सांगतलं, आता आपली शेवटची मानूस हे दिग्रसची पोरगी. तिले आरोळी द्या. मले नोका देऊ, तिले द्या. वाईट खबर कोनी फोनवर देते काय माय? वाईट खबरीले मानूस धाडा लागते."

अय्याज हसायला लागला आणि मग सगळा तांडाच हसला. बबिता घरातून चहा घेऊन आली. अतियाने ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन लावून सांगितलं की चूक झाली, सगळे ठीक आहेत, परत जा. त्याने जे ऐकवलं ते तिने मुकाट ऐकून घेतलं. त्याचं बरोबर होतं. मिस्तरी खाटेवर बसून रुमालाने कपाळ पुसत राहिले. अतियाला लाज वाटत होती, पण त्या लाजेखाली इतकं सुख होतं की तिने चहात बोट बुडवून ओठाला लावून पाहिलं, खरंच गरम आहे का.

बबिता समोर उकिडवी बसली. "लय भ्याल्या ना ताई तुमी?" ती हसत म्हणाली. मग सहज, पदराला हात पुसत तिने विचारलं, "आमचे इकडले कवा निंगाले म्हने? त्यायचा मिस कॉल कवा आलता?"

"कोणाचा?"

"त्यायचा. प्रेमचा." नवऱ्याचं नाव घेताना ती लाजली.

अतियाने फोन उघडला. लाल नावं खाली सरकवली. पुन्हा वर आली. पुन्हा खाली गेली. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"बबिता, प्रेम घरी नाही आला?"

"त्यायचं वावर नाल्यापल्याड. ते उशिराच येते." बबिताचं हसू अजून तोंडावरच होतं. "नाई आला मिस कॉल? तुमी पाहून राह्यल्या होत्या ना? म्हनून तं मी कायजी केली नाई. म्हटलं, नसता आला तं ताईचा फोन आला असता."

आजवर प्रेमची घंटी सुखीबाईच्या फोनवर यायची. नाही आली तर दोघी जीव मुठीत धरून वाट पाहायच्या आणि मग कुणाला तरी धाडायच्या. आज त्या निवांत होत्या, कारण पाहणारी दिग्रसला बसली होती. आणि पाहणारी, ज्यांनी आरोळी दिली त्यांच्यामागे धावत सुटली होती. जो गप्प होता त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ॲम्ब्युलन्ससुद्धा तिने आत्ताच परत धाडली होती. अतिया उठून उभी राहिली.

"नकाशा," ती म्हणाली. "सकाळी बबिताने वावर भरलंय. नकाशावर आहे." टिंब होतं, नाल्याच्या पलीकडे, एकटंच.

जीप नाल्यापर्यंत गेली. पुढे रस्ता नव्हता. नेमसिंग ओल्या अंगानेच पुढे पळत होता, मागे तांड्यातली माणसं, हातात बॅटऱ्या. वावर दिसलं तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. पऱ्हाटी भिंतीसारखी उभी, आत पिकाच्या दोन ओळींपलीकडचं काही दिसत नव्हतं. औषधाचा वास हवेत अजून होता, उग्र, घशाला लागणारा. नकाशावर टिंब मुगाएवढं. इथे वावर एवढं मोठं.

"प्रेम! ओ प्रेम!" माणसं ओरडत आत घुसली. पानांची सळसळ आणि हाका यांत काहीच कळेना. अतियाने प्रेमचा नंबर लावला. कानात घंटी ऐकू येत होती, वावरात मात्र कुठेच नाही. तिने फोन कानापासून दूर धरला, परत लावला. त्याचा फोन घरी तर नाही राहिला? की तो दुसऱ्याच वावरात गेला?

बबिता एकदम तिच्या दंडाला धरून म्हणाली, "पिशवी आतून हाये व ताई. म्या आतून शिवली." तिने छातीशी हात नेऊन दाखवला. "पालथे पडले असतीन तं आवाज कसा येईन? हात तरी कसा पोचला असंन त्यायचा?"

सुखीबाई धुऱ्यावर उभी राहिली. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अशी लांब आरोळी दिली की हाका मारणारे सगळे जागच्या जागी थांबले. "कोनी हलू नोका," ती म्हणाली. "कोनी बोलू नोका. आयका."

कुणी हललं नाही. अतियाने पुन्हा नंबर लावला. या अल्लाह, एकदा ऐकू येऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं. नाल्याकडे रातकिडे किरकिरत होते. मग डाव्या हाताला, खूप आत, दबलेली, जमिनीतून आल्यासारखी, एक गुणगुण ऐकू आली. थांबली. परत आली.

प्रेम दोन ओळींच्या मध्ये पालथा पडला होता, पंप पाठीवर तसाच. मास्क गळ्यात उतरलेला. उकाड्याने काढला असणार. नेमसिंगने पट्टे कापून पंप बाजूला केला. तोंडाला फेस होता, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, हातापायांना बारीक झटके येत होते. पण छाती हलत होती. अतियाने भिंतीवर चिकटवलेली चित्रं आता तिच्याच कामी आली. कुशीवर वळवा, कपडे उतरवा, पाणी ओता, साबण लावा. बबिता नवऱ्याच्या अंगावरचा आपल्याच हातचा झगा टराटरा फाडत होती आणि तोंडाने एक अक्षर बोलत नव्हती.

ॲम्ब्युलन्सवाल्याला अतियाने पुन्हा फोन लावला.

"मॅडम, आता काय?" तो म्हणाला.

"भाऊ, आता खरं आहे. शिव्या द्या, पण थांबा. आम्ही जीपने निघतो आहोत."

तिच्या मागे बबिताच्या तोंडून पहिल्यांदाच हंबरडा फुटला होता, तो त्याला ऐकू गेला असावा. "दारव्ह्याच्या नाक्यावर उभा राहतो," तो म्हणाला. "या."

दारव्ह्याला गाडी बदलली. बोरी अरब गेलं, लोहारा गेलं, खिडकीतून दिवे मागे पळत होते. ऑक्सिजनच्या मास्कमधून प्रेमचा श्वास वर जायचा आणि खाली यायला वेळ लावायचा. त्या मधल्या वेळात अतिया दर खेपेला मरत होती. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात त्याला आत नेलं आणि दार लागलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही. बबिता भिंतीला टेकून बसली. अतिया तिच्याशेजारी बसली, पण तिच्याकडे पाहायची तिला हिंमत झाली नाही.

अळी काही दुखवटा पाळत नाही. फवारणी चालू राहिली, तांड्याचीही राहिली. अतियाने पिशव्या बाहेरून आणि खांद्याजवळ शिवून घेतल्या, वर प्लास्टिकचं झाकण लावलं. मग ती तांड्यात जाऊन सुखीबाईपुढे बसली आणि त्यांची रीत पहिल्यापासून ऐकून घेतली. घरी येऊन तिने मिस कॉलचं सगळं चक्र उलटं फिरवलं. इंटरनेटवरच्या त्या पानावरूनच एका मदत करणाऱ्या मंडळाचा पत्ता मिळाला होता. तिथल्या कुणा न पाहिलेल्या माणसाने तिला ते जमवून दिलं. आता सकाळी पोशाख नेणाऱ्याचं नाव लाल व्हायचं, संध्याकाळी त्याचा मिस कॉल आला की हिरवं. अंधार पडेपर्यंत जो लाल राहील, सायरन त्याच्यासाठी वाजायचा.

प्रेमचं नाव लालच होतं. त्या सकाळी त्याने पोशाख नेला होता आणि मिस कॉल दिला नव्हता, त्यामुळे रोज दिवेलागणीला सायरन वाजायचा आणि पडद्यावर एकच नाव यायचं.

"निकाल दे ना बेटा वो नाम," मिस्तरी म्हणायचे. "रोज जान जाती मेरी."

एक बोट लावलं की नाव निघालं असतं. अतियाचं बोट तिथवर जायचं आणि मागे यायचं. नाव पुसलं आणि तिकडे दवाखान्यात काही झालं तर? हा शुद्ध अडाणीपणा आहे हे तिला कळत होतं, तरी तिने नाव पुसलं नाही. ती रोज सायरन वाजू द्यायची आणि मग बबिताला फोन करायची. बबिता एवढंच सांगायची, "हायेत," आणि ठेवून द्यायची. एकदा म्हणाली, नळी काढली. एकदा म्हणाली, पानी मागतलं.

दिवाळी तोंडावर आली. त्या संध्याकाळी दिवे लागले, रस्त्यावर गाड्यांची गर्दी झाली, आणि माळ्यावर बसलेल्या अतियाच्या एकदम लक्षात आलं की सायरन वाजला नाही.

तिने फोन हातात घेतला. चालू होता. आवाज मोठाच होता. मग वाजला का नाही? बबिताला लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. वाईट खबर फोनवर देत नाहीत, त्यासाठी माणूस धाडतात, हे तिला आठवलं, आणि खाली दुकानापुढे कुणीतरी येऊन उभं राहिल्याचा तिला भास झाला. तिने वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिने पडदा उघडला. सगळी नावं हिरवी होती. वरून खाली एकही लाल नाही. प्रेमसुद्धा हिरवा.

तो कॉल दुसऱ्याच कुणी केला असेल. सामान आवरताना कुणाचं बोट लागलं असेल. आता तिचा स्वतःच्या साधनावरही विश्वास राहिला नव्हता. तिने प्रेमचा नंबर लावला आणि घंटी ऐकत उभी राहिली. घंटी जात राहिली, जात राहिली.

"हालो." आवाज घोगरा होता, घसा सोलल्यासारखा. "ताई? काय झालं?"

अतियाने फोन कानाशी घट्ट धरला.

"आंग धुवून राह्यलो होतो," प्रेम म्हणाला. मागे तवा वाजत होता, पोरं बोलत होती, सुखीबाई कुणाला तरी ओरडत होती. "परत कायले लावला फोन? मिस कॉल देल्ला ना म्या. पोचलो घरी."

"काही नाही," अतिया म्हणाली. "असाच लावला."

ती जिना उतरून खाली आली. मिस्तरी एका पंपाची नळी काढत होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी पाना खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले.

"पोचला, अब्बा," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.